वाळूच्या समुद्रांतील मोटारी

ईजिप्तच्या पश्चिमेस शेंकडों मैल पसरलेला वाळूचा समुद्र मोटारींना दुर्लंघ्य मानला जाई. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें इ. स. १९२९ व १९३० सालीं तेथें मोटारी नेल्या. त्या कांहीं खास घडविलेल्या नव्हत्या. बाजारांत मिळणाऱ्या साध्या फोर्ड मोटारीच होत्या.

पहिली अडचण पाण्याची. मऊ वाळूंत इंजिन तापे, रेडिएटरमधील पाणी उकळून वाफ उडून जाई. आणि मोटारीला पाजलेलें पाणी माणसाच्या तोंडचें काढावें लागे! म्हणून वाफेची वाट बंद करून ती नळीनें अर्धवट पाणी भरलेल्या डब्यांत नेली. तेथें तिचें पाणी होई. गाडी वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी केली, कीं तेंच पाणी रेडिएटर परत ओढून घेई.

चाक रुतलें तर त्याखालीं पोलादी पन्हळी सरकवीत. टायरांतील हवा कमी करून त्यांचा तळवा उंटाच्या पावलासारखा पसरट करीत. गाडीच्या लोखंडामुळें होकायंत्र चुके, म्हणून सावलीवरून दिशा दाखविणारी तबकडी बसविली.

पुढें १९४० सालीं युद्ध आफ्रिकेंत पोंचलें, तेव्हां बॅग्नोल्डनें उभारलेल्या टेहळणी पथकाला हेच उपाय कामीं आले. वाळवंटाच्या भरंवशावर शत्रु ज्या बाजूस निर्धास्त होता, तिकडूनच हें पथक त्याच्या पिछाडीस जाऊं लागलें. गाडी कोठें अडते हें ज्यांनीं दहा वर्षें आधीं शांतपणें पाहून ठेवलें होतें, त्यांनाच ही वाट मोकळी झाली.