उंबरठ्याच्या आतलं कुत्रं

आमच्या मुदखेडला कुत्रं ओसरीवरच झोपतंय, कुणाची परवानगी लागत नाही. पुण्यात खोली बघायला गेलो, तर घरमालकाचा पहिलाच प्रश्न, "कुत्रं-मांजर नाही ना?" म्हणून आज याचा इतिहास.

जून १८३२. मुंबईत मोकाट कुत्री मारण्यासाठी सरकारनं कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस ठेवलं होतं. पैशापायी शिपाई लोकांच्या घरातली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र मानतात. ते रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, इतर समाजही सामील झाले. पुढं १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ उभारली.

म्हणजे भांडण कुत्र्याचं कमी, उंबरठ्याचं जास्त. घराच्या आत कुणाचा शब्द चालणार?

२०१५ मध्ये भारतीय प्राणी कल्याण मंडळानं सांगितलं की बहुमत असलं तरी सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही. पण घरमालक आणि भाडेकरूचं नातं करारावर चालतं. म्हणून मालकानं सरसकट 'नाही' म्हणण्याऐवजी अकरा महिन्यांच्या करारातच लिहावं: लसीकरण, स्वच्छता, नुकसान झालं तर डिपॉझिटमधून भरपाई. भाडेकरूनंही प्राणी लपवू नये.

आणि अंध माणसाचा वाटाड्या कुत्रा म्हणजे हौस नव्हे, ते त्याचे डोळे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाजवी सोय' हे तत्त्व आहे. मालकानं तेच मनाशी धरावं.

माझा मोत्या अजून गावाकडंच आहे. आई फोनवर सांगते, संध्याकाळी दारात बसून वाट बघतोय.