गाठ नीट का बसते? टायच्या कापडाची गोष्ट

(१)
टाय बांधायला शिकवणारी चित्रे नेहमी हातांची असतात. रुंद टोक कुठून न्यायचे, कुठून ओढायचे, एवढेच ती सांगतात. प्रत्यक्षात गाठीच्या नेटकेपणाचे श्रेय हातांपेक्षा कापडाला अधिक द्यावे लागते, आणि गाठ सहज धरणारे कापड शिवले जाण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागली. त्या वर्षांत एक माणूस या नेटकेपणापायी गाजला आणि अखेरीस त्यालाच मुकला.

(२)
सतराव्या शतकात फ्रान्सच्या सेवेतील क्रोएशियन घोडेस्वार गळ्याभोवती रुमाल बांधत. ‘क्रॅव्हॅट’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. चौदाव्या लुईच्या दरबाराने ही पद्धत उचलली. साध्या रुमालाच्या जागी लेस आली आणि ती मांडून बांधण्यात सकाळचा बराच वेळ जाऊ लागला.

(३)
३ ऑगस्ट १६९२. आजच्या बेल्जियममधील स्टीनकर्क येथे फ्रेंच छावणीवर इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या फौजेने अचानक हल्ला चढवला. व्हॉल्तेअरच्या वृत्तान्तानुसार, फ्रेंच सरदारांना गळपट्टा नीट बांधायला उसंत मिळाली नाही. त्यांनी तो कसाबसा गुंडाळला आणि रणांगण गाठले. लढाई फ्रेंचांनी जिंकली. मग काय, पॅरिसमध्ये तो गबाळेपणाच ‘स्टीनकर्क’ या नावाने मिरवला जाऊ लागला. स्त्रियांनीही तो स्वीकारला. विजयी माणसाची अव्यवस्थाही शोभून दिसते, ती अशी!

(४)
नेटकेपणाचा खरा उपासक शंभर वर्षांनी लंडनमध्ये आला: जॉर्ज ब्रमेल, अर्थात ‘बो’ ब्रमेल. तो उमराव घराण्यातला नव्हता, पण प्रिन्स ऑफ वेल्ससारखे लोक त्याचा पोशाख चढताना पाहायला येत. तोवरचे मलमलीचे गळपट्टे ढिले पडून पुढे फुगत. ब्रमेलने त्यांना हलकी खळ द्यायला लावली. सारा बदल एवढाच.

(५)
त्याचे चरित्र लिहिणाऱ्या कॅप्टन विल्यम जेसीने (१८४४) ही कृती बारकाईने वर्णिली आहे. गळपट्टा निदान फूटभर रुंद. तो गळ्याभोवती घेऊन ब्रमेल आरशासमोर हनुवटी छताकडे करून उभा राही आणि मग जबडा अगदी सावकाश खाली आणी. त्या दाबाने कापडाला हव्या तशा चुण्या पडत. एखादी चुकली, तर ती दुरुस्त करायची नाही. पट्टा टाकून नवा घ्यायचा. एकदा त्याचा सेवक रॉबिन्सन चुरगळलेल्या पट्ट्यांचा भारा घेऊन जिना उतरताना दिसला आणि विचारल्यावर त्याने ती ‘आमची फसलेली’ असल्याचे सांगितले, अशी आख्यायिका आहे.

(६)
त्या ‘आमची’ या शब्दात बरेच काही दडले आहे. ही गाठ एकट्याची नव्हती. धुणारे, खळ घालणारे, इस्त्री फिरवणारे अनेक हात तिच्यामागे होते, आणि त्यांना पैसे लागत. १८१६ मध्ये कर्जापायी ब्रमेल फ्रान्सला पळाला. १८३५ मध्ये कां शहरात त्याला कर्जासाठी तुरुंगवास घडला. धुलाईचा खर्च झेपेना, तेव्हा पांढरा गळपट्टा सोडून त्याने काळा रेशमी धरला. १८४० मध्ये त्याच शहरातील मनोरुग्णालयात तो मरण पावला.

(७)
त्याची कीर्ती मात्र पुस्तकांच्या बाजारात चालत राहिली. १८१८ मध्ये गळपट्ट्यांच्या गाठींवर एक विनोदी सचित्र पुस्तिका निघाली. १८२८ मध्ये ल ब्लांच्या नावाने सोळा पाठांत बत्तीस प्रकार शिकवणारे पुस्तक लंडनमध्ये छापले गेले.

(८)
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कचेरीत जाणाऱ्या माणसाला दिवसभर न सुटणारी, स्वतःला बांधता येणारी गाठ हवी होती. लांब, अरुंद टाय आणि ‘फोर-इन-हँड’ ही गाठ त्यातून रुळली. रुंद टोक अरुंद टोकावरून आडवे न्यावे, मागून फिरवावे, पुन्हा पुढून न्यावे, गळ्याजवळच्या फटीतून खालून वर काढावे आणि पुढच्या वेढ्यातून खाली ओढावे. गाठ आवळताना तिच्याखाली बोटाने दाब दिला की खळी पडते.

(९)
पण कापड अजून आडमुठे होते. गाठ सोडल्यावर टायला पीळ राही. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने त्यावर उपाय काढला आणि त्याचे पेटंट घेतले. कापड धाग्यांच्या दिशेला ४५ अंशांत, म्हणजे शिंप्यांच्या भाषेत उरेप, कापायचे आणि तीन तुकडे जोडून टाय शिवायचा. उभे-आडवे धागे ताणले जात नाहीत. तिरप्या ओढीला मात्र कापड लवते आणि सोडताच परत येते. खळ घालून जे रोज साधावे लागे, ते आता शिवणीतच आले.

(१०)
‘विंडसर’ गाठीचा किस्साही असाच. आठव्या एडवर्डच्या, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ विंडसरच्या टायची ठसठशीत गाठ पाहून लोकांनी जास्त वेढ्यांची नवी गाठ रचली आणि तिला त्याचे नाव दिले. तो स्वतः साधी फोर-इन-हँडच बांधत असे. गाठ जाड दिसे ती आतल्या जाड अस्तरामुळे.

(११)
१९९९ मध्ये केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ थॉमस फिंक आणि योंग माओ यांनी ‘नेचर’मध्ये गणिताने दाखवले की, जास्तीत जास्त नऊ हालचालींत टायच्या ८५ गाठी शक्य आहेत. त्यांतल्या प्रचारात होत्या जेमतेम चार.