कासवाचं ताट आणि आपला बांध

कासवासाठी खाण्याजोगी बाग करायची म्हटलं, तर आमच्या कळमनुरी तालुक्यात माझ्या लहानपणी काही लावावंच लागलं नसतं. खुरपं बाजूला ठेवलं की झाली बाग. हे सुचलं ते इंग्लंडातल्या पुतणीमुळे. तिनं कासव पाळलंय. फोनवर विचारत होती, "काका, ह्याच्यासाठी अंगणात वाफा करतेय. काय काय लावू?" मी सांगत गेलो : पाथरी, हरळी, जास्वंद, तुती, फड्या निवडुंगाची कोवळी फडी. घोळ चालेल, पण रोज नको. पालकाचंही तेच. ती हसायला लागली. "हे तर सगळं आपल्या बांधावरचंच!"

बांधावरचं होतं, पण आमच्याकडे ते कासवाच्या वाट्याला कधी आलं नाही. आमची कासवं विहिरीतली. पाणी स्वच्छ राहतं म्हणून लोक विहिरीत कासव सोडत, ते काय खातं याची चौकशी कुणी करत नसे. महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव असायचं, पाया पडण्यापुरतं. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर आपल्या रानातलं कासव घरी ठेवणं गुन्हा ठरलं, आणि ते योग्यच झालं. म्हणून कासवाच्या बागेचा जुना दाखला शोधायला दूर जावं लागतं.

गिल्बर्ट व्हाइट नावाचा इंग्रज पाद्री होता. त्याच्या आत्याकडे टिमथी नावाचं कासव होतं. आत्या गेल्यावर 1780 मध्ये त्यानं ते सेलबोर्न गावातल्या आपल्या बागेत आणलं आणि पुढं त्याच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. टिमथी मादी होती, हे कळलं ते मेल्यानंतर. व्हाइटनं लिहून ठेवलंय की या कासवाला चीक निघणाऱ्या वनस्पती फार आवडतात. हे वाचलं आणि मला थेट पाथरी आठवली. तीही तसलीच. पान मोडलं की पांढरा चीक येतो. आमच्या आज्जीच्या जेवणात ज्वारीची भाकर, तिखट आणि कच्ची पाथरी असायची. निंदायला गेलेल्या बाया दिवसभर मालकाच्या रानातलं उपटत आणि संध्याकाळी त्यातलंच पाथरी, कुंजर, घोळ ओट्यात घेऊन घरी येत. मजुरी वेगळी, भाजी वेगळी.

निवडुंगाची कथा उलट्या दिशेची. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. त्यावर जगणाऱ्या किड्यापासून लाल रंग निघतो. तो धंदा स्पेनच्या हातात होता. तो आपल्याकडे आणावा म्हणून कंपनी सरकारचा मद्रासचा डॉक्टर जेम्स अँडरसन यानं निवडुंगाची बागच उभारली. 1795 मध्ये ब्राझीलहून किडा आला, पण तो निघाला हलक्या जातीचा. रंग जेमतेम दिला, निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. दुसऱ्या जाती देशभर कुंपणं करत सुटल्या. त्यांना आवरायला 1926 मध्ये श्रीलंकेहून दुसरा किडा आणावा लागला. आज त्याच निवडुंगाचे काटे भाजून काढतात आणि फडी कासवापुढं ठेवतात. चुना भरपूर, तंतू भरपूर, प्रथिनं कमी. कासवाच्या कवचाला हेच मानवतं.

मग आमच्या बांधांचं काय झालं? 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलेलं गाजर गवत पुढं रस्त्याकडेनं आमच्यापर्यंत पोचलं. त्याला ढोरं तोंड लावत नाहीत, आणि ते माजलं तिथं पाथरी उरली नाही. ज्वारी-कापसाच्या रानात सोयाबीन आलं. हिंगोली-वसमतकडं हळद वाढली. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंदच आहे. पण निंदायला मजूर मिळेना, तणनाशकाचा डबा स्वस्त पडू लागला, आणि पिकातलं मारता मारता हात बांधापर्यंत गेला. कुठली भाजी पिकात चालते आणि कुठली उपटायची, हे ठरवणाऱ्या बाया होत्या. फवारणीच्या पंपाला ती निवड जमत नाही.

पुतणीला मी एक गोष्ट बजावून सांगितली. नर्सरीतून आणलेलं रोप लगेच कासवाला देऊ नको. त्यावर औषध मारलेलं असतं. कुंडी बदल, जुनी पानं काढून टाक, नवी फुटली की मगच दे. "तुमच्याकडं बरं, थेट बांधावरून आणायचं," ती म्हणाली. मी म्हटलं, बाई, इथं बांधावरची पाथरी तोडायच्या आधी मला शेजाऱ्याला विचारावं लागतं, पंप कधी फिरवलास म्हणून.