वृद्धांची समूहनामे : आष्टी परिसराच्या इतिहासातून

एकट्या वृद्ध माणसाला हाक मारावयाची झाल्यास मराठी भाषेला शब्दांची वाण पडत नाही. आबा, अण्णा, तात्या, नाना, बापू, आजी, मावशी अशी कितीतरी संबोधने तिच्या पदरी आहेत आणि रक्ताचे नाते नसले तरी ती बिनदिक्कत वापरली जातात. अडचण येते ती अनेक वृद्धांचा एकत्र निर्देश करताना. नात्याचे संबोधन अनेकवचनात गेले की त्यातील जिव्हाळा ओसरतो. 'आबांनो' ही हाक थट्टेची वाटते. म्हणून समूहासाठी निराळे नाव लागते. ते नाव कोणी दिले, कोणत्या प्रयोजनाने दिले आणि ज्यांना दिले त्यांना ते का रुचले, हा केवळ शिष्टाचाराचा नव्हे, समाजेतिहासाचा प्रश्न होय.

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे गाव ह्या विवेचनासाठी समोर ठेवण्याजोगे आहे. (१८१८ साली बापू गोखले जेथे पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील, आणि १९४२ च्या उठावाने गाजलेली आष्टी वर्धा जिल्ह्यातील, ह्या आष्टीशी त्या दोहोंचा संबंध नाही.) राष्ट्रकूटांपासून हैदराबादच्या आसफजाहीपर्यंत अनेक राजवटी ह्या मुलखावरून गेल्या, आणि ह्या दीर्घ कालखंडात वडीलधाऱ्यांसाठी एकामागून एक शब्द रूढ होत गेले.

त्यांतील सर्वांत जुना शब्द आज सर्वांत हिणकस मानला जातो. 'म्हातारा' हा शब्द संस्कृत 'महत्तर' ह्यापासून आला. महत्तर म्हणजे अधिक मोठा. परंतु राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत तो वयाचा वाचक नसून गावच्या प्रमुखांचा वाचक आहे. दान दिल्याची वार्ता राजा ज्यांना उद्देशून कळवितो, त्या राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट इत्यादींच्या मालिकेत शेवटी महत्तरांचा उल्लेख येतो. राजाज्ञेत ज्यांना समूहाने संबोधिले जाई असे हे गावकरी होते. कोकणातील 'म्हात्रे' हे आडनावही ह्याच शब्दाशी जोडले जाते. पुढे अधिकार गेला आणि वय तेवढे मागे उरले. 'म्हातारेकोतारे' ह्या जोडशब्दात तर माणसे मोजण्याचीही गरज उरलेली नाही, आणि 'म्हातारचळ' ह्या शब्दात विवेकही काढून घेतलेला आहे. शब्दाच्या ह्या घसरणीचे कारण भाषेत शोधण्यापेक्षा त्यामागील पद नाहीसे होण्यात शोधणे अधिक युक्त होईल.

'वडील' ह्या शब्दाचा प्रवास काहीसा निराळा झाला. आज तो प्रामुख्याने पित्याचा वाचक असला तरी मुळात तो मोठेपणाचा, थोरलेपणाचा वाचक. वतनाच्या कज्ज्यांत पाटीलकीचे 'वडीलपण' कोणत्या शाखेकडे, हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चाले. कारण शिरपाव, विडा, होळीची पोळी ह्यांसारखे मानपान त्यावर अवलंबून असत. असे वाद गोतसभेपुढे येत आणि गावची जाणती, वयस्क माणसे साक्षीला उभी राहून शिवेची खूण कोठे व मान कोणाचा हे सांगत. लेखी दप्तर तुटपुंजे असलेल्या समाजात वृद्धाची स्मृती हेच दप्तर होते. 'वडीलधारी मंडळी' हा प्रयोग अजूनही कोणाला खुपत नाही, त्याचे कारण तो उच्चारताच सल्ला विचारण्याची क्रिया सूचित होते. मात्र हेही ध्यानात ठेवले पाहिजे की ह्या मंडळीत कोणाचा समावेश होई हे जात आणि वतन ठरवीत असे. गावकुसाबाहेरचा वृद्ध शिवेची खूण दाखवी, त्याची साक्षही घेतली जाई; पण विड्याच्या मानाच्या वाटणीत त्याचे स्थान अखेरचे, आणि वृद्ध स्त्रीचे तर बहुधा नाहीच.

फारसीचा आणि पुढे उर्दूचा अंमल दीर्घकाळ राहिल्याने ह्या भागात आणखी दोन शब्द रुळले. 'जईफ' हा दुर्बलतेचा वाचक; त्यात आदर नाही, कीव आहे. दुसरा 'बुजुर्ग', ज्याचे मराठी रूप गावांच्या नावांत 'बुद्रुक' असे झाले. जोडगावांपैकी थोरले ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. माणसाचे वडीलपण गावाला बहाल करणारी ही योजना मोठी बोलकी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली. त्यापूर्वी आष्टीचा शेतकरी नागरिक नव्हता, रयत होता. परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यावर तो नव्या जिल्ह्याला जोडण्यात आला. साधारण ह्याच सुमारास महाराष्ट्राच्या शहरांतून 'ज्येष्ठ नागरिक' हा शब्द प्रचारात येऊ लागला. १९२० च्या आसपास जन्मलेला येथील माणूस तेव्हा साठीत होता. त्याने आयुष्याचा पूर्वार्ध निजामाची रयत म्हणून काढला होता आणि उत्तरार्धात त्याला 'नागरिक' ह्या शब्दाने गौरविले जात होते.

हा शब्द अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या संज्ञेचा अनुवाद होय. तथापि अनुवाद करताना मराठीने योजलेले विशेषण मूळ शब्दाहून भारदस्त ठरले. पाणिनीच्या व्याकरणानुसार 'ज्येष्ठ' हे रूप 'प्रशस्य' आणि 'वृद्ध' ह्या दोहोंचेही तमभाववाचक रूप आहे. सर्वांत वयोवृद्ध आणि सर्वांत प्रशंसनीय असे दोन्ही अर्थ त्यात नांदतात. शिवाय वृद्धांनी स्वतः स्थापिलेल्या संस्थांनी हेच नाव पत्करले. गावोगावच्या मंडळांचे नाव 'ज्येष्ठ नागरिक संघ' असते आणि त्यांचा राज्यव्यापी महासंघ 'फेसकॉम' ह्या नावाने ओळखला जातो. 'वृद्ध' हा शब्द मात्र 'वृद्धाश्रम' ह्या समासात अडकून पडला. जेथे माणूस स्वतः जातो तेथे तो ज्येष्ठ, जेथे त्याला ठेवले जाते तेथे तो वृद्ध, असा भेद लोकव्यवहारात नकळत पडला आहे. जगातही ह्या प्रश्नाची दखल घेतली गेली. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली १ ऑक्टोबर हा दिवस वृद्धांसाठी मुक्रर केला, आणि १९९५ साली त्यांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क समितीने 'अधिक वयाच्या व्यक्ती' अशा अर्थाची संज्ञा विचारपूर्वक स्वीकारली.

शासनाची परिभाषा मात्र एकसूत्री नाही. २००७ चा केंद्रीय कायदा 'ज्येष्ठ नागरिक' म्हणतो व साठ वर्षांची मर्यादा घालतो. निवृत्तिवेतनाच्या केंद्रीय योजनेच्या नावात 'वृद्धापकाळ' आहे. राज्याच्या योजनेला 'श्रावणबाळ' हे नाव दिलेले आहे. म्हणजे लाभ घेणाऱ्या वृद्धाचे नव्हे, तर त्याच्या अनुपस्थित आदर्श पुत्राचे. खेड्यात ह्यांपैकी काहीच बोलले जात नाही. तेथे 'निराधारचे पैसे' म्हणतात. आणि तो शब्द ज्याला बोचतो तो 'पगार' म्हणतो. पगार हा केलेल्या कामाचा मोबदला असतो. शेतमजुरीत आयुष्य घालविलेल्या, निवृत्ती कधीच न लाभलेल्या स्त्रीने ह्या रकमेला पगार म्हणावे, ही परिभाषेची चूक मानता येणार नाही. 'म्हातारी' ह्या हाकेने तिच्याकडून जे काढून घेतले होते, ते ती एका शब्दाने वसूल करते.

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परिवहन महामंडळाने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना विनामूल्य प्रवासाची सवलत दिली व त्यांना 'अमृत ज्येष्ठ नागरिक' अशी आणखी एक पदवी लाभली. ती मिळण्यासाठी वाहकाला वयाचा पुरावा दाखवावा लागतो. ज्या पिढीचा जन्म दुष्काळ, पूर अथवा साथ ह्यांच्या आठवणीवरून सांगितला जाई, तिच्यातील अनेकांच्या आधारपत्रावर १ जानेवारी ही अंदाजाने घातलेली जन्मतारीख असते. वडीलपण पूर्वी गोत ठरवीत असे. परतूरच्या बसमध्ये ज्येष्ठत्व ही तारीख ठरविते.