डोळा काय लपवतो : नेत्रविज्ञानाची ओळख

कार्ल्याच्या चैत्यगृहात भर दुपारी शिरणाऱ्याला पहिले काही क्षण फारसे काही दिसत नाही. बाहेर एकवीरेच्या पायऱ्यांवर ऊन रणरणत असते, आत स्तूपाची नुसती गोलाई जाणवते. जरा थांबले की खांबांच्या माथ्यांवरची, हत्तींवर बसलेली जोडपी दिसू लागतात. मग वर छताच्या कमानीतल्या, सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिलेल्या लाकडी फासळ्या. लेण्यातला उजेड या काळात कणभरही वाढलेला नसतो. बदललेला असतो तो डोळा. पाहणाऱ्याला मात्र लेणेच उजळले असे वाटते.

नेत्रविज्ञानाच्या दाराशी वाचकाला इथून आणण्याचे कारण एवढेच, की डोळा आपले काम गुपचूप करतो आणि आपल्या उणिवाही तितक्याच गुपचूप झाकतो. तो काय झाकतो हे हुडकून काढण्यातच या शास्त्राचा मोठा भाग खर्ची पडला आहे. वाचकाने हे सूत्र धरून ठेवले तर पुढची अवघड प्रकरणेही सोपी जातील.

आधी कार्ल्याचा हिशेब पुरा करू. बाहुली लहानात लहान दोन आणि मोठ्यात मोठी आठ मिलिमीटरची. म्हणजे आत येणारा प्रकाश ती फार तर सोळापट वाढवू शकते. दुपारचे ऊन आणि अवसेची रात्र यांतले अंतर कोट्यवधी पटींचे आहे. उरलेले सगळे काम दृष्टिपटलातल्या पेशी करतात. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी अंधारात दहाएक मिनिटांत जमेल तेवढ्या सावरतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना त्यांतले ऱ्होडॉप्सिन पुन्हा भरून यायला अर्धा तास लागतो. पावसाच्या तोंडावर राजमाचीला काजवे पाहायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावली की साऱ्यांच्या अर्ध्या तासावर पाणी पडते. ऱ्होडॉप्सिन बनते ‘अ’ जीवनसत्त्वापासून, म्हणूनच ते आहारात कमी पडले की पहिली तक्रार रातांधळेपणाची येते. शेवग्याचा पाला किंवा पावसाळ्यातली टाकळ्याची भाजी डोळ्यांना चांगली म्हणतात त्यात एवढे तथ्य आहे. चष्म्याचा नंबर मात्र कोणत्याही पालेभाजीने उतरत नाही.

बोरघाटातल्या बोगद्यांनाही हीच अडचण सोडवावी लागते. उन्हातून आत शिरणाऱ्या चालकाच्या डोळ्याला सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून दिवसा बोगद्याच्या तोंडाशी आतल्यापेक्षा अधिक प्रखर दिवे ठेवावेत असा प्रकाशयोजनेचा नियम आहे. खंडाळ्याच्या धुक्यात उलटे घडते. तिथे प्रकाश कमी पडत नाही, पाण्याच्या थेंबांनी विखुरलेला नको तो प्रकाश डोळ्यात जास्त येतो. म्हणून मोठे दिवे लावणाऱ्याला पांढरी भिंत तेवढी दिसते.

शाळेत डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करतात. ती अर्ध्या वाटेपर्यंत ठीक आहे. प्रकाश वळवण्याचे दोन तृतीयांश काम पारदर्शक बुबुळ करते, उरलेले भिंग. चाळिशी लागते ती भिंग ताठर झाल्याने. पण दृष्टिपटलाशी तुलना मोडते. तिथे सुमारे बारा कोटी दंडपेशी आणि साठ लाख शंकुपेशी, तर मेंदूकडे जाणाऱ्या नेत्रतंतूत धागे जेमतेम दहा-बारा लाख. एवढ्या धाग्यांतून सगळे चित्र जाणे शक्यच नाही. जाते ते निवडून : कुठे कडा आहे, कुठे फरक आहे, कुठे हालचाल आहे. खरे लख्ख दिसते ते हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढेच. बाकीचे मेंदू सतत नजर फिरवून जुळवतो. नेत्रतंतू जिथून बाहेर पडतो तिथे पेशीच नसतात, म्हणजे प्रत्येक डोळ्यासमोर एक आंधळा ठिपका कायम असतो. तो १६६०च्या दशकात फ्रान्समध्ये एदम मारिओत यांनी शोधेपर्यंत कोणाला जाणवला नव्हता. मेंदू ते भोक आजूबाजूच्या रंगाने बुजवून टाकतो.

हीच बुजवण्याची सवय आजारात घात करते. काचबिंदूत नजर बहुधा कडेकडेने जाते, दुखत नाही, आणि मधले अक्षर शेवटपर्यंत वाचता येते. मधुमेहात दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात तेव्हाही रोगी पेपर वाचत असतो. लहान मुलाचा एक डोळा मंद असेल तर दुसरा सगळे सांभाळून घेतो. मुलाला वाटते सगळ्यांना असेच दिसते. सात-आठ वर्षांच्या आत हे सापडले तर उपचाराचा चांगला गुण येतो, नंतर कठीण होत जाते. मोतीबिंदू त्या मानाने प्रामाणिक म्हणायचा : तो अंधूकपणा दाखवून येतो आणि शस्त्रक्रियेने बरा होतो.

मावळात ज्याची चर्चा सर्वांत कमी होते आणि व्हायला हवी तो आजार भाताच्या खाचरातला आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेले इंद्रायणी वाण आज महाराष्ट्रभर जाते. त्या भाताचे धारदार पाते लावणी-बेणणीत किंवा झोडणीच्या वेळी उडालेले कुसळ बुबुळाला ओरखडा काढते. ओरखडा लहान असतो, पण त्यातून बुरशी आत शिरते. डोळा लाल होतो, मग कोणी मध घालतो, कोणी एरंडेल, कोणी औषधाच्या दुकानातून घरातल्या जुन्या बाटलीसारखीच दुसरी बाटली आणतो. त्या बाटलीत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरे वाटते, आणि खाली बुरशी मोकाट वाढते. इथेही डोळा फसवतो. बुबुळात फूल पडते. मग उपाय नेत्ररोपणाचा, तोही कोणी मरणोत्तर सहा तासांच्या आत नेत्रदान केले असेल तर. ओरखड्यानंतर दुखणे किंवा लाली दुसऱ्या दिवशीही राहिली तर काम टाकून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तळेगाव दाभाड्यात वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. अंतर आता सबब राहिलेले नाही. झोडणीला साधा पारदर्शक गॉगल लावणे त्याहून स्वस्त.

लोणावळ्यात बसून त्राटकाविषयी न बोलणे बरे दिसणार नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली-उड्डियानासारख्या क्रियांत पोटात नेमके काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. परंपरेचा आदर आणि मोजमाप यांत त्यांना विरोध दिसला नाही. तोच बाणा त्राटकाला लावावा. ज्योतीवर नजर स्थिर करण्याने एकाग्रता साधत असेल. पण लघुदृष्टी होते ती डोळ्याचा गोळा सुमारे चोवीस मिलिमीटरांहून लांब वाढल्याने, आणि ती लांबी पाहण्याने आखडत नाही. सूर्यावर त्राटक तर करूच नये, त्याने दृष्टिपटल भाजते.

लघुदृष्टीवर जे खरोखर चालते ते फुकट आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त बाहेर काढले. २०१५ साली निष्कर्ष आले तेव्हा तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी झालेली मुले या गटात सुमारे तीस टक्के होती, दुसऱ्या गटात सुमारे चाळीस. भरपूर उजेडाने गोळ्याची वाढ आवरते असे दिसते. कामशेत-तळेगावच्या नव्या इमारतींत वाढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर खर्च करण्याआधी हे वाचावे. त्या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचा पुरावा २०२३च्या कोक्रेन आढाव्यात सापडला नाही. पडद्यासमोर डोळे चुरचुरतात, कारण आपण पापण्या लववायचे विसरतो.

चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नेत्रतंतू तपासून घेणे, मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहून घेणे, यांना घरगुती पर्याय नाही. एक परीक्षा मात्र घरी होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर, असेल तर चष्मा लावून, उभे राहावे आणि एकेक डोळा तळव्याने झाकून तारखा वाचाव्यात. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा झाकतो, म्हणून एकेकच. एका डोळ्याला अक्षर पुसट दिसले तर त्या महिन्यात तपासणी करावी. चौकटींच्या सरळ रेघा एका डोळ्याला वाकड्या किंवा मध्येच तुटलेल्या दिसल्या, तर बिघाड दृष्टिपटलाच्या मध्यभागी असू शकतो. तिथे महिना फार झाला, त्याच आठवड्यात जावे.