प्लश : मखमलीची चुलत बहीण

लहान मुलांच्या कापडी अस्वलावर हात फिरवला की जी मऊ, दाट लव बोटांना लागते, त्या जातीच्या कापडाला प्लश म्हणतात. हे नाव फ्रेंच ‘पेलुश’ या शब्दावरून आले. या विणीत ताणे दोन असतात. एक ताणा बाण्याशी गुंफून पोत धरून ठेवतो. दुसरा बारीक तारांवरून घेतात, म्हणजे त्याचे फास उभे राहतात. हे फास कापले की लव तयार होते. मखमलीची लव आखूड, प्लशची लांब, हाच दोहोंतला मुख्य भेद.

इंग्लंडचे जुने धन म्हणजे लोकर. ती कच्चीच फ्लँडर्सला जाई आणि तिचेच कापड होऊन परत येई. पुढे आपल्या कापसाची मँचेस्टरने जी गत केली, तीच ही! तिसऱ्या एडवर्ड राजाने हे ओळखले व १३३१ साली जॉन केम्प या फ्लेमिश विणकराला संरक्षणपत्र दिले. हळूहळू कापड इंग्लंडातच विणले जाऊ लागले.

एका विणकराला सूत पुरवायला चार-पाच जणी कातत बसत. अविवाहित स्त्रीला इंग्रजीत ‘स्पिन्स्टर’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘कातणारी’ असाच आहे. चरख्याच्या मिळकतीवर कितीतरी घरांची चूल पेटे. म्हणूनच हारग्रीव्हजने एकाच वेळी अनेक धागे कातणारे यंत्र काढले, तेव्हा धास्तावलेल्या लोकांनी १७६८ साली त्याची यंत्रे मोडून टाकली. परंतु यंत्र थांबले नाही, आणि घरोघरचे चरखे मात्र थांबले.

विणकरांचे हातमाग आणखी काही काळ टिकले. ऑक्सफर्डशायरमधील बॅनबरी हे गाव अठराव्या शतकापासून प्लशसाठी नावाजलेले होते. पुढे यंत्रमागांपुढे तेथील धंदा खालावला. शेजारच्या शटफर्ड खेड्याने मात्र चिकाटी धरली. राजवाड्यातील सेवकांच्या पोशाखाचे प्लश तेथे विणले जाई. तो कारखानाही १९४८ साली बंद झाला.

राजसेवकांच्या अंगावरचे झळाळते कापड सर्वांना दिसे. त्यामागचा हात कोणाला दिसत नसे. विणकराच्या गावाचे नाव तरी इतिहासात राहिले. कातणारणींची आठवण एका शब्दापुरतीच उरली, आणि त्या शब्दातूनही त्यांचे काम पुसले जाऊन केवळ अविवाहितपण शिल्लक राहिले. घरी बसून चार पैसे मिळविणाऱ्या स्त्रीच्या कामाची नोंद ठेवणे किती जरुरीचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.