हाय-फाय मासिकांचे वाचन : तारे, आलेख आणि तंबोरा

ध्वनिसंच ही मोठी विचित्र वस्तू आहे. दुकानातल्या खोलीत तो एक बोलतो, घरच्या खोलीत दुसरेच. आणि घरी आणल्यावर तो परत करण्याची सोय बहुधा नसते. त्यामुळे लाखभर रुपये मोजण्यापूर्वी हौशी श्रोता हाय-फाय मासिकांतील परीक्षणे चाळतो आणि पाच तारे मिळालेल्या स्पीकरवर बोट ठेवतो. ते तारे मात्र इंग्लंड-अमेरिकेतील एखाद्या खोलीत, तिकडच्या संगीतावर आणि तिकडच्या किमतीला मिळालेले असतात.

हा प्रश्न वडोदऱ्यासारख्या शहरात नेमका दिसतो. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा सुरू केली. भातखंड्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद प्रथम भरली ती १९१६ साली येथेच, आणि उस्ताद फैयाज खाँ येथल्याच दरबाराचे गायक होते. गायकवाडी काळापासून रुजलेल्या मराठी कुटुंबांत गाणे ऐकण्याची सवय आहे. पण राहणे आता वाड्यांतून सदनिकांत आले आहे. शहराच्या उत्तरेकडचे छाणी हे एके काळचे स्वतंत्र गाव खत कारखान्याच्या वसाहतीला लागून वाढत गेले आणि शहरात मिसळले. तेथील बैठकीची खोली म्हणजे काँक्रीटच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि एका बाजूला काचेची सरकती खिडकी. पणजी-मडगावच्या नव्या इमारतींत याहून वेगळे काही आढळत नाही.

परीक्षणे कशी घडतात हे कळण्यासाठी थोडा इतिहास उपयोगी पडतो. अमेरिकेतील ‘हाय फिडेलिटी’ या मासिकात काम करणारे जे. गॉर्डन होल्ट तेथून बाहेर पडले आणि १९६२ साली त्यांनी ‘स्टिरिओफाइल’ काढले. जाहिरातदारांना न रुचणारी टीका छापता येत नाही, ही त्यांची मूळ तक्रार होती. मोजमापांचे कोष्टक देण्याऐवजी यंत्र घरी नेऊन संगीत ऐकायचे आणि जे ऐकू आले ते लिहायचे, ही पद्धत त्यांनी रूढ केली. १९७३ साली हॅरी पिअरसन यांच्या ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ने तिला एक कसोटी दिली : विद्युतवर्धनाशिवाय, खऱ्या जागेत वाजलेले वाद्य हाच आदर्श, आणि यंत्र त्याच्या किती जवळ जाते एवढेच पाहायचे.

कसोटी चोख होती. तिच्या भोवती उगवलेली भाषा मात्र बेसुमार फोफावली. ‘मखमली’, ‘हवेशीर’, ‘पडदा दूर झाल्यासारखा’ असे शब्द ॲम्प्लिफायरलाच नव्हे तर तारांनाही लावले जाऊ लागले. १९८७ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ने काही शे डॉलरांच्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरांच्या ॲम्प्लिफायरपर्यंतची यंत्रे नावे झाकून श्रोत्यांना ऐकवली. कोणते यंत्र वाजते आहे हे ओळखण्यात श्रोत्यांना नाणेफेकीपेक्षा फारसे अधिक यश आले नाही. स्पीकरची गोष्ट निराळी. कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी नावे झाकूनच घेतलेल्या चाचण्यांत असे आढळले की, ज्या स्पीकरचा समोरचा आवाज सर्व स्वरांना समान न्याय देतो आणि बाजूंना जाणारा आवाजही तसाच सुरळीत असतो, तोच बहुतेकांना आवडतो. म्हणजे ठरलेल्या रकमेतला मोठा वाटा स्पीकरवर खर्चावा आणि तारांवर जवळजवळ काहीच खर्चू नये.

जॉन ॲटकिन्सन १९८६ साली ‘स्टिरिओफाइल’मध्ये संपादक म्हणून आले. त्यांच्या कारकिर्दीत परीक्षणाच्या जोडीला मोजमापांचे आलेख नियमित छापले जाऊ लागले. सावध वाचकाने लेख शेवटून वाचावा तो यासाठी. आधी आलेख पाहावा, मग वर्णन. स्तुतीने ओथंबलेल्या लेखामागे वेडावाकडा आलेख कधीकधी निमूटपणे उभा असतो, आणि संपादकाला जे स्पष्ट म्हणता आले नाही ते तो सांगून टाकतो.

आकड्यांपैकी वॅटच्या आकड्याने सर्वाधिक फसगत होते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर हजारांनी पीएमपीओ वॅट छापलेले असत. त्या आकड्याला ठोस तांत्रिक अर्थ नव्हता. खरा आकडा सलग देता येणाऱ्या शक्तीचा, आणि त्याच्याहूनही महत्त्वाची ती स्पीकरची संवेदनक्षमता. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे ९० डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजेल तेवढे वाजण्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतात. त्यातच त्याचा रोध काही स्वरांवर ४ ओहमच्या खाली जात असेल, तर स्वस्त ॲम्प्लिफायर तापतो. या दोन आकड्यांची सांगड न घालता केलेली खरेदी पहिल्याच उन्हाळ्यात उघडी पडते.

खोलीचे गणित कोणतेही मासिक वाचकासाठी करून देऊ शकत नाही. समजा, छाणीतील खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. समोरासमोरच्या भिंतींत ध्वनी उसळून ४७, ५६ आणि ५९ हर्ट्झच्या आसपास, तसेच त्यांच्या पटींवर, म्हणजे ९४ आणि ११२ हर्ट्झच्या सुमारास घुमतो. डग्ग्याचा घुमारा याच प्रदेशात फिरतो. अशा खोलीत भिंतीला टेकवलेला मोठा, ‘भरदार’ म्हणून गौरवलेला स्पीकर तबल्याचा ढोल करतो. मध्यम आकाराचा स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढला, फरशीवर जाड सतरंजी घातली आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट असले, तर पुष्कळदा तो अधिक सच्चा वाजतो. अर्थात दोन-अडीच फूट जागा सोडायला घरातील इतरांची संमती लागते. परीक्षणांत हा विषय सहसा निघत नाही.

मग ऐकायचे काय? परीक्षकांच्या तबकड्या पियानो, जॅझ आणि वाद्यवृंदाच्या असतात. पिअरसन यांची कसोटी आपल्याकडे लावायची तर अडचण अशी की, मैफलसुद्धा आता मायक्रोफोनवरच ऐकली जाते. मूळ आवाजच स्पीकरमधून येतो. तंबोरा मात्र अजून कित्येक घरांत विनावर्धन वाजतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले की तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळे आणि जव्हारीच्या धाग्यामुळे एकाच तारेतून वरचे स्वरांश मोठ्या संख्येने आणि सातत्याने उमटत राहतात. स्पीकरच्या मधल्या आणि वरच्या भागांचा सांधा नीट जुळला नसेल तर तेथेच ही झळाळी तुटते. खरा तंबोरा दहा मिनिटे ऐकावा आणि लगेच ध्वनिमुद्रित तंबोरा. तबकडी निवडायला एवढे पुरते.

जुन्या गाण्याच्या चाहत्यांना आणखी एक हिशेब ठेवावा लागतो. फैयाज खाँसाहेबांच्या किंवा गोव्याच्या केसरबाई केरकरांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची बाजू साडेतीन मिनिटांच्या आसपास संपते, आणि त्या काळच्या बहुतेक मुद्रणांत पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर संगीताचा अंश फारसा उरलेला नसतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाईंची जी भैरवी अंतराळात गेली, तीही अशीच छोटेखानी आहे. चाळीस हजार हर्ट्झपर्यंत पोहोचणारा स्पीकर अशा मुद्रणात खरखर तेवढी वाढवतो. येथे मधल्या पट्ट्यात प्रामाणिक असणारा साधा स्पीकरच गळ्याची फिरत नीट दाखवतो.

किमतीबाबत मासिकाचा निवाडा आपल्या देशात जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ‘या किमतीत सर्वोत्तम’ हे वाक्य पौंडांत खरे असेल. आयात शुल्क, वाहतूक आणि वितरकाचा नफा धरला की तोच स्पीकर वेगळ्याच गटात जाऊन बसतो, आणि तेथे त्याच्याशी स्पर्धा करणारी देशी बनावटीची यंत्रे मासिकात आलेलीच नसतात. दुरुस्ती कोठे होईल, सुटा भाग मिळेल का, हे विक्रेत्याला आधीच विचारून लेखी घ्यावे. किनारपट्टीवर तर स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची आहे की रबराची हेही पाहावे. काही आठवड्यांत परत जाणाऱ्या यंत्राचा पावसाळा परीक्षक पाहत नाही. दमट हवेत फोमची कड दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊन गळते, रबराची त्याहून पुष्कळ अधिक टिकते.